दिव्यांची जबानी : एक प्रस्तावना

लहान मुलाच्या दोन तळहातांवर मावेल अशा एका चाकांच्या यंत्रावर बसविलेले आठ रंगीत दिवे कसे पेटवावेत, कसे विझवावेत आणि त्यांच्याकडून नेमके काय वदवून घ्यावे, एवढ्याच मर्यादित विषयावर माझ्या काही शिक्षकमित्रांनी जी टिपणे तयार केली, त्यांना पुस्तकरूप देताना प्रस्तावना मी लिहावी असा त्यांनी आग्रह धरला, तेव्हा माझ्या मनात प्रथम उमटला तो संकोचच होता. माझी सारी हयात हिशेब-तपासणीच्या दप्तरात गेली. इतरांनी मांडलेल्या जमाखर्चावर शेरे मारणे, चुकीच्या वजावटी हुडकणे आणि रुजुवात पुरी झाल्याखेरीज कागद पुढे न सोडणे, याच्या पलीकडे कसलेही शास्त्र मला अवगत नाही. सेवानिवृत्तीनंतर शनिवारच्या सकाळी रिकाम्या जाऊ लागल्या, घराजवळच्या एका शाळेत अशा यंत्रांची प्रयोगशाळा निघाली, आणि तेथल्या सामानाची यादी नीट ठेवणारा कोणीतरी हवा म्हणून मी जाऊन बसू लागलो, एवढाच माझा या विषयाशी जडलेल्या संबंधाचा इतिहास. तथापि एका बाबतीत मी अगदीच अनधिकारी नाही, असे आता विचारांती वाटते. आमच्या दप्तरात रंगांना अर्थ होता. तपासनिसाची शाई तांबडी, वरिष्ठ अधिकाऱ्याची हिरवी, बाकी सर्वांची निळी वा काळी. कागद हाती येताच, त्यावरील मजकूर वाचण्यापूर्वीच, तो कोणाकोणाच्या मेजावरून आलेला आहे आणि आपण आता घाबरावयाचे किंवा कसे, हे शाईवरून समजत असे. रंग ही शोभेची बाब नसून ती एक प्रकारची जबानी असते, हे मी त्या दप्तरात शिकलो, आणि प्रस्तुत पुस्तकाचे सारही माझ्या मते तेच आहे.

या यंत्रास आपण यंत्रमानव म्हणतो, आणि तो शब्द वाचून जो कोणी हे पुस्तक उघडील त्याची काहीशी निराशा होईल, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली आपल्या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगास दिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मनुष्याकृती वेठबिगार होते. आमच्या मेजावरील प्राण्यात मानव कोठेच नाही. दोन चाके, त्यांना फिरविणाऱ्या दोन लहान मोटारी, पुढे वटवाघळाप्रमाणे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारी एक डोळ्यांच्या जोडीसारखी दिसणारी वस्तू, पोटात सेलची पेटी, पाठीवर एक लहानसा संगणक आणि त्याच्या भोवती ते आठ दिवे, एवढाच त्याचा सरंजाम. मुले त्याला ‘रोबो’ म्हणतात आणि तेच सुटसुटीत आहे. पुस्तकातही तोच शब्द वापरलेला आहे.

नागपूरच्या वाचकाला या वस्तूचे नवल वाटू नये, असे मला वाटते ते निराळ्या कारणाने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, या शहरातील मुले चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल दोरीने ओढीत घरोघर नेतात, त्याची पूजा होते, आणि मुलाच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ वा पैसे ठेवले जातात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून ही चाल पडली अशी येथील परंपरागत समजूत आहे. शेतातल्या खऱ्या बैलाशी ज्याची अजून गाठ पडावयाची आहे अशा पोराला त्याची जबाबदारी खेळण्यातून समजावी, हा त्या चालीमागचा हेतू असावा. चाकांवरील एक मुका प्राणी, तो सजविण्याची हौस, आणि तो चारचौघांत नेऊन दाखविण्याचा अभिमान, हे तिन्ही या शहरातील मुलांच्या अंगवळणी पडलेले आहे. मी प्रथम प्रयोगशाळेत गेलो त्या दिवशी एका मुलीने आपल्या रोबोच्या कपाळी कागदाची शिंगे चिकटवलेली पाहिली, तेव्हा हा लाकडी बैलच आता स्वतः चालू लागला आहे, असे मला वाटले, आणि अजूनही मी त्या यंत्राकडे काहीसा त्याच दृष्टीने पाहतो.

परंतु हे साम्य जेथे संपते तेथूनच या पुस्तकाचा विषय सुरू होतो. अलीकडे तान्ह्या पोळ्याच्या बैलाच्या शिंगांना सीताबर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या झगमगत्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या दिसतात. ती माळ बैल चालत असता चमकते, उभा असता चमकते, उलटून पडला तरी चमकते. बैलाचे काय चालले आहे याची तिला गंधवार्ता नसते. आमच्या रोबोवरील दिवा मात्र भिंत जवळ आली म्हणून तांबडा होतो, वाट मोकळी झाली म्हणून हिरवा होतो, सेल उतरू लागले म्हणून मंद होतो. निदान तसा तो व्हावा अशी तजवीज मुलाला स्वतः करावी लागते. पहिल्या प्रकाराला रोषणाई म्हणावे, दुसऱ्याला जबानी. रोषणाईला मी नावे ठेवीत नाही, दिवाळीला माझ्याही गॅलरीत ती असते. पण ती कोणाला काही विचारीत नाही आणि कोणाला उत्तरही देत नाही.

यंत्राच्या अंगावरचा दिवा यंत्राच्या पोटातली गोष्ट बाहेर सांगू शकतो, याचा साक्षात्कार ज्या प्रसंगी झाला त्याची हकीकत फार मनोरंजक आहे. ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ग्रे वॉल्टर नावाचे एक मज्जाशास्त्रज्ञ होते. मेंदूत पेशी थोड्या असल्या, पण त्यांची परस्परांशी जोडणी चतुराईची असली, तर वर्तन किती गुंतागुंतीचे होऊ शकते हे पाहण्यासाठी त्यांनी १९४८-४९ च्या सुमारास तीन चाकांची दोन कासवे तयार केली आणि त्यांची नावे एल्मर व एल्सी अशी ठेवली. ही कासवे अंधारात चाचपडत फिरत, मंद प्रकाश दिसला की त्याच्याकडे जात, आणि फार प्रखर प्रकाशापासून दूर सरत. त्यांच्या डोक्यावर एक लहानसा दिवा होता, त्याचे काम इतकेच की मान फिरविणारी मोटार चालू असली म्हणजे तो पेटावा आणि ती थांबली म्हणजे विझावा. पाहणाऱ्याला आतल्या कारभाराची कल्पना यावी, यापलीकडे त्याचे प्रयोजन नव्हते. पुढे असे झाले की कासव आरशासमोर आले. आरशात त्याला दिवा दिसला म्हणून त्याने मान फिरविणे थांबविले. मान थांबताच स्वतःचा दिवा विझला. दिवा विझताच समोरचा प्रकाश नाहीसा झाला म्हणून मान पुन्हा फिरू लागली. मान फिरताच दिवा पुन्हा पेटला. आणि अशा रीतीने ते बिचारे यंत्र आरशासमोर लुकलुकत, अडखळत, एखाद्या सजीव प्राण्याप्रमाणे नाचू लागले. केवळ माहितीसाठी लावलेला दिवा त्या यंत्राच्या वर्तनाचाच एक भाग होऊन बसला. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली त्या शनिवारी शाळेच्या स्नानगृहातील आरसा दोन तास जागेवर नव्हता, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

वॉल्टरच्या कासवानंतर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी यांची लोगो ही संगणकभाषा व तिच्या आज्ञांनी जमिनीवर रेषा काढणारे कासव आले, आणि मूल संगणकाला शिकविते तेव्हाच ते स्वतः शिकते हा विचार शिक्षणक्षेत्रात रुजला. तो इतिहास इतरत्र विपुल उपलब्ध असल्यामुळे त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ या गावी आर्डुइनो नावाचा जो स्वस्त लघुसंगणक जन्मास आला त्याने मात्र आमच्या विषयाला अगदी जवळून स्पर्श केला, कारण त्या संगणकावर नवशिक्याने लिहावयाची पहिली आज्ञावली परंपरेने एकच असते : दिवा पेटव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाटीवर श्री काढावा तसा हा त्या विद्येचा ओनामा आहे.

याच ओनाम्यात जी एक मेख दडलेली आहे तिच्यावर टिपणकारांनी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे, आणि ते मला सर्वांत आवडले. ‘एक सेकंद थांब’ ही आज्ञा मिळताच तो लघुसंगणक खरोखरच थांबतो. त्या एका सेकंदात तो पाहत नाही, ऐकत नाही, काही मोजत नाही. दिवा मेजावर ठेवलेला असेल तोवर यात काही बिघडत नाही. पण तोच दिवा चालत्या रोबोच्या पाठीवर बसविला की चाके आपली फिरत राहतात, दिवा ऐटीत लुकलुकत राहतो, आणि रोबो भिंतीवर जाऊन आदळतो, कारण भिंत जवळ आली त्या क्षणी तो डोळे मिटून सेकंद मोजीत उभा होता. आमच्या दप्तरात दोन प्रकारचे लोक असत. ‘दहा मिनिटांनी चहा आण’ असे सांगितल्यावर एक जण दारात उभा राहून दहा मिनिटे मोजीत असे आणि तेवढ्या वेळात त्याच्या नाकासमोरून फाइल गेली तरी ती त्याला दिसत नसे. दुसरा आपले काम करीत राहून मधून मधून भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकीत असे आणि वेळ भरताच उठत असे. रोबोलाही हा दुसरा शिरस्ता शिकवावा लागतो : थांबू नकोस, दर फेरीला घड्याळ पाहा, मागच्या वेळी दिवा केव्हा बदलला होता ते लिहून ठेवलेले आहे त्याच्याशी ताडून बघ, अवधी भरला असेल तर बदल, नसेल तर पुढच्या कामाला लाग. हे मुलांना उमगण्यास तीन शनिवार लागले. उमगले तेव्हा मात्र एका मुलाने जे विचारले त्याचे उत्तर मला अद्याप सुचलेले नाही; त्याने विचारले की, आजोबा, मग वर्गात ‘हाताची घडी तोंडावर बोट’ सांगतात ते कोणत्या प्रकारात मोडते?

आता दिव्यांविषयी. हे दिवे म्हणजे तारेचे वेटोळे तापवून उजेड देणारे जुने दिवे नव्हेत. ते एलईडी आहेत, आणि त्यांत उष्णतेने काही उजळत नाही. विशिष्ट द्रव्यांच्या स्फटिकातून वीज वाहताना इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतात आणि उतरताना जी ऊर्जा सुटते ती प्रकाश होऊन बाहेर पडते. पायरी लहान असेल तर तांबडा, मोठी असेल तर निळा. तांबडा दिवा निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये करून दाखविला, हिरवाही पाठोपाठ आला, परंतु निळ्याने जगाला तीस वर्षे ताटकळत ठेवले, कारण त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढविणे महाकर्मकठीण होते. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी ते साधले आणि २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. निळा आला नसता तर पांढराही आला नसता, आणि आमच्या मुलांच्या रोबोंना तांबडे, हिरवे आणि त्यांच्या मिश्रणाचे पिवळे एवढ्यावरच समाधान मानावे लागले असते.

रोबोवरील प्रत्येक दिव्यात या तीन रंगांचे तीन कण आणि त्यांच्या शेजारी, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा, एक कारभारी बसविलेला असतो. आठही दिवे एकाच तारेवर ओळीने जोडलेले असून त्या तारेतून जाणारा हुकूम टपालाच्या थैलीप्रमाणे पुढे सरकतो. प्रत्येक दिव्याच्या नावे २४ खुणा असतात, प्रत्येक रंगास आठ. पहिला दिवा थैलीतील पहिल्या २४ खुणा आपल्याजवळ ठेवतो आणि उरलेली थैली दुसऱ्याकडे सरकवितो, दुसरा आपल्या २४ काढून घेतो, असे शेवटपर्यंत. खुणा दोनच प्रकारच्या, जुन्या तारखात्यातल्याप्रमाणे एक आखूड व एक लांब, फरक इतकाच की येथील एक खूण सव्वा मायक्रोसेकंदात, म्हणजे एका सेकंदाच्या आठ लाखाव्या हिश्श्यात, पुरी होते. थैली रिकामी होऊन तारेवर थोडी शांतता पसरली की तोच इशारा समजून आठही दिवे आपापले लिफाफे एकदमच फोडतात. आठ दिव्यांचा सारा बटवडा २४० मायक्रोसेकंदांत उरकतो. आठ खुणांत ० ते २५५ असे २५६ आकडे लिहिता येतात, आणि तीन रंगांचे मिळून १,६७,७७,२१६ मेळ होतात. एवढ्या छटा माणसाच्या डोळ्याला ओळखता येतात काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आकडा मात्र सर्वजण कौतुकाने सांगतात, आणि मीही सांगितला.

या बटवड्यात माझी स्वतःची जी फजिती झाली ती लपवून ठेवण्याचे कारण नाही. मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने आज्ञावली लिहिली, तांबडा २५५, हिरवा ०, निळा ० असा शुद्ध तांबडा मागितला, आणि आठही दिवे स्वच्छ हिरवे झाले. मी आकडे तपासले, तारा तपासल्या, यंत्र सदोष आहे असा शेराही यादीत मारून ठेवला. सातवीतल्या एका मुलीने तो शेरा वाचला, मजकडे काहीशा करुणेने पाहिले आणि सांगितले की या दिव्यांना हिरव्याचा आकडा आधी द्यावा लागतो, मग तांबड्याचा, मग निळ्याचा. रकाना चुकला होता. चाळीस वर्षे इतरांचे चुकलेले रकाने पकडणाऱ्याला स्वतःचा रकाना दिसला नाही. मी शेरा खोडला आणि खोडलेल्या जागी शिरस्त्याप्रमाणे सही केली.

मुलांचा खरा विस्मय मात्र पिवळ्या रंगापाशी होतो. चित्रकलेच्या तासाला त्यांनी तांबडा आणि हिरवा कालवून तपकिरी चिखल केलेला असतो. दिव्यांत तेच दोन रंग मिळविले की लख्ख पिवळा उगवतो. रंगद्रव्य प्रकाशातून काही गिळून टाकते आणि दोन रंगद्रव्ये मिळून अधिक गिळतात, दिवा मात्र प्रकाशात भर घालतो, असे शिक्षक सांगतात आणि मुले मान डोलावतात. पण पटते ते पुस्तकातील सहाव्या प्रयोगाने. ज्योतीवर मिठाची चिमूट टाकावी म्हणजे ती पिवळी होते. जुन्या सीडीच्या चकतीवर त्या ज्योतीचे प्रतिबिंब तिरपे पाहिले तर पिवळ्याचे पिवळेच ठळकपणे राहते, कारण मिठातील सोडियमचा प्रकाश जातीचाच पिवळा. त्याच चकतीवर रोबोचा पिवळा दिवा पाहावा, तर तो फाटतो आणि तांबडा व हिरवा असे दोन पट्टे वेगळे दिसू लागतात. पिवळा त्यात नसतोच. दोन्ही पिवळे आपल्या डोळ्यांना सारखेच, कारण डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, आणि त्यांपैकी दोघींनी एकाच प्रमाणात साक्ष दिली की मेंदू अधिक चौकशी न करता पिवळ्याचा निकाल देऊन मोकळा होतो.

प्रकाशाची अशी उलटतपासणी करणाऱ्यांत जे अग्रगण्य, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचा आणि आमच्या गावाचा एक अल्पकाळचा संबंध आहे. ते अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० साली त्यांची बदली नागपुरास झाली, आणि येथे वर्ष पुरे होण्याच्या आतच बढती मिळून ते कलकत्त्यास परतले. गांधीसागर तलावासमोरील विज्ञानकेंद्राला त्यांचे नाव आहे आणि तेथे मुलांची नित्य वर्दळ असते. हिशेबाच्या नोकरीत राहून सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेत घालविणारा तो मनुष्य आपल्या खात्यातला, हा अभिमान मी आणि माझ्यासारख्या अनेक हिशेबनिसांनी बाळगलेला आहे. त्यांच्या हातून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा जो शोध लागला त्यात आमचा वाटा काहीच नसला तरी. उत्तरायुष्यात त्यांनी रंग आणि दृष्टी या विषयाचा ध्यास घेतला होता, आणि मिठाच्या ज्योतीचा व आठ दिव्यांचा हा प्रयोग पाहून ते पोरांत मिसळून बसले असते, असे मला उगीचच वाटते.

नागपुरात रंगांचा प्रश्न निघाला की गाडी संत्र्यापाशी येणारच. मुलांनी ठरविले की रोबो संत्र्याच्या रंगाचा करावयाचा. संगणकाच्या पडद्यावर नारिंगी रंगासाठी तांबडा २५५, हिरवा १६५, निळा ० असे आकडे रूढ आहेत. तेच दिव्यांना दिले, आणि रोबो लिंबासारखा पिवळट झाला. अर्धा तास मुले हिरव्याचा आकडा एकेक पायरी उतरवीत राहिली. काटोलकडचा एक मुलगा, ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे, मध्येच म्हणाला की आधी ठरवा, आंबिया बहाराचे संत्रे करायचे की मृगाचे? हिरवा ८० च्या आसपास आला तेव्हा त्याने पसंती दिली. यामागचे कारण पुस्तकात दिलेले आहे आणि ते लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. आपला डोळा प्रकाश सरळ मापाने मोजीत नाही. अंधाऱ्या देवघरात समईची एक वात वाढविली तर खोली उजळल्यासारखी वाटते, तीच वात भर मांडवात वाढविली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. संगणकाचा पडदा ही डोळ्याची लहर आधीच हिशेबात धरून आकड्यांचा अर्थ लावतो. आमचा दिवा सरळमार्गी. १२८ सांगितले तर तो खरोखर अर्ध्या प्रकाशाने पेटतो, आणि अर्धा प्रकाश डोळ्याला अर्ध्याहून बराच अधिक भासतो. डोळ्याला अर्धा वाटावा तर त्याला सुमारे ५६ सांगावे लागतात, आणि याच हिशेबाने पडद्यावरचे १६५ दिव्यावर सुमारे ९८ होतात. मुलांचे संत्रे हिशेबापेक्षा थोडे अधिक पिकलेले निघाले, इतकेच.

दिवा मंद होतो म्हणजे तरी काय होते, हेही सांगून टाकतो. तो कधीच मंद होत नाही. तो पूर्ण तेजाने पेटतो आणि पूर्ण विझतो, सेकंदाला शेकडो वेळा. पेटलेला काळ आणि विझलेला काळ यांचे प्रमाण तेवढे बदलते आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. रोबोला वेगाने हलविले तर मंद दिव्याची रेघ तुटक ठिपक्यांची दिसते आणि ही लबाडी उघडी पडते.

हिशेबनीस या नात्याने मला सर्वाधिक आनंद पांढऱ्या रंगाने दिला, कारण तो सर्वांत महाग आहे. एक रंग पूर्ण तेजाने पेटला की सुमारे २० मिलिअँपिअर वीज घेतो, तिन्ही पेटून पांढरा झाला की ६०, आणि आठही दिवे पांढरे केले की ४८०. मोटारी चालू असताना कोणी हौसेने हा पांढरा झगमगाट मागितला की सेलवरचा ताण एकाएकी वाढतो, दाब कोसळतो, आणि लघुसंगणक मूर्च्छा येऊन पुन्हा पहिल्यापासून जागा होतो. जागा झाला की आज्ञावलीप्रमाणे पुन्हा पांढरा, पुन्हा मूर्च्छा. ज्याचा खर्च जमेहून अधिक त्याचा कारभार असाच चालतो. मुलांनी आता प्रत्येक रंगाचा खर्च वहीत लिहून ठेवला आहे, आणि ती खतावणी मी स्वतः तपासतो.

रंग कोणता, हे ठरले. तो कशासाठी, हे ठरविणे त्याहून अवघड. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तयार झालेल्या थिमिओ या शैक्षणिक रोबोत प्रत्येक रंगाला एकेक स्वभाव दिलेला आहे : हिरवा असता तो समोरच्या हाताच्या मागे मागे येतो, पिवळा असता अडथळे चुकवीत हिंडतो, तांबडा असता भित्रा होऊन पळ काढतो, जांभळा असता बटणांचा हुकूम मानतो. ही कल्पना फारच सुंदर आहे. पण आमच्या मुलांना ती सांगितली तेव्हा वाद माजला. तांबडा भित्रा कसा, तांबडा म्हणजे राग, असे एकाने म्हटले. तांबडा म्हणजे कुंकू, असे दुसरीने. सिग्नलचा तांबडा म्हणजे थांबा, असे तिसऱ्याने. पिवळ्यावर तर एकमत होऊन बसले, कारण तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी या शहरातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते, काळी दुष्टतेची आणि पिवळी रक्षण करणारी, आणि ज्याने लहानपणी ती गर्दी पाहिली त्याच्या मनात पिवळ्याचा अर्थ कायमचा ठरून गेलेला असतो. टिपणकारांनी येथे कोणताही तक्ता दिलेला नाही. प्रत्येक गटाने आपल्या रोबोच्या रंगांचा अर्थ स्वतः ठरवून पुठ्ठ्यावर लिहून लावावा, असे सांगितले आहे. ते योग्यच झाले. माझी एकच दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. आमच्या गटातील एका मुलाला तांबडा आणि हिरवा यांतील भेद कळत नाही, हे आम्हांला फार उशिरा समजले. तोवर त्याच्या लेखी रोबोची सारी जबानी अवाचनीय होती. म्हणून आता धोका सांगणारा दिवा नुसता तांबडा होत नाही, तो भराभर लुकलुकतो, आणि सुरक्षितता सांगणारा स्थिर राहतो.

या विद्येची साधने आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल अभिनव मोहिमेखाली सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळाशाळांतून टिंकरिंग लॅब निघू लागल्या, प्रत्येकीस वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि नागपुरातीलही अनेक शाळांना त्याचा लाभ झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीचा ई-यंत्र हा उपक्रम त्यापूर्वीपासूनच चालू आहे. तथापि यंत्रे आली म्हणजे शिक्षण आले, असे होत नाही. कपाटात कुलूपबंद असलेले मुद्देमालासारखे संच मी याच डोळ्यांनी पाहिले आहेत, हरवले तर भरपाई कोणी करावयाची या भीतीने ठेवलेले. त्या मानाने, महापालिकेच्या शाळांतील मुले डबे, फुगे, तारा अशा टाकाऊ सामानातून प्रयोग मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते समजावून देतात तो या शहरातील अपूर्व विज्ञान मेळावा मला अधिक जिवंत वाटतो. प्रस्तुत पुस्तकातील निम्मे प्रयोग त्याच वृत्तीने, एका रोबोवर पाच मुलांनी करावेत असे रचलेले आहेत.

भाषेविषयी थोडेसे. आज्ञावली इंग्रजीत लिहावी लागते, त्याला इलाज नाही. परंतु ती लिहिण्यापूर्वी मुलाने आपल्या मनातील बेत मराठीत, पूर्ण वाक्यांत, वहीत उतरवावा असा दंडक येथे घातलेला आहे. ‘भिंत आली की लाल’ एवढे लिहून भागत नाही. किती अंतरावर आली म्हणजे आली म्हणावयाचे, लाल किती वेळ, भिंत दूर गेल्यावर काय, आणि भिंतीऐवजी मांजर आले तर, हे सारे लिहावे लागते, आणि लिहिता लिहिता पोरांची वाक्ये लांबत जातात, ‘जर’ला ‘तर’ सापडतो, ‘जोवर’ला ‘तोवर’. मराठीच्या शिक्षिकाबाईंनी त्या वह्या तपासावयास मागून घेतल्या, यातच सर्व आले.

वाचकांनी पुस्तक वाचून बाजूला ठेवू नये, मुलांसह करून पाहावे. पहिल्या प्रयोगासाठी खोलीचे पडदे ओढून घ्यावेत, म्हणजे रंग खरे दिसतात. नागपुरात एप्रिलनंतर दुपारी ते तसेही ओढलेलेच असतात. सेल ताजे असावेत. आणि तांबडा मागितला असता हिरवा आला, तर यंत्रावर शेरा मारण्यापूर्वी रकाने एकदा पाहावेत.

नागपूर,
तान्हा पोळा